स्वतः कमावलेलं वाक्य

विज्ञान प्रदर्शनाच्या दालनात शिरलं की ज्वालामुखी कुठे मांडलाय हे शोधावं लागत नाही, व्हिनेगरचा वास सरळ त्याच्यापाशी नेऊन सोडतो. कागदाच्या लगद्याचा डोंगर, त्यावर तपकिरी रंग, खायचा सोडा आणि व्हिनेगर मिसळल्यावर तोंडातून ओघळणारा लाल फेस आणि शेजारी पाठ केलेली माहिती एका दमात म्हणून टाकणारं एक मूल. मी बरीच वर्षं अशा प्रदर्शनांत परीक्षक म्हणून फिरतो आहे. या ज्वालामुखीला हसणं हा आम्हा परीक्षकांचा मधल्या सुटीतला ठरलेला उद्योग. हसायला कारणही आहे म्हणा. खऱ्या ज्वालामुखीत सोडा नसतो आणि व्हिनेगरही नसतं. खोलवर प्रचंड दाबाखाली शिलारसात वायू विरघळलेले असतात. शिलारस वर येऊ लागला, दाब उतरला, की ते सुटे होतात आणि शिलारसाला बाहेर ढकलतात. टेबलावरच्या डोंगराचं याच्याशी नातं एवढंच, की दोन्हीकडे काहीतरी उसळतं.

पण तो डोंगर उचलून बाजूला ठेवला तर? खाली उरते एक बाटली, थोडं व्हिनेगर आणि थोडा सोडा. बाटलीच्या तोंडावर फुगा चढवायचा. १०० मिलिलिटर साधं, ५ टक्क्यांचं व्हिनेगर घेऊन त्यात २ ग्रॅम सोडा टाकला की फुगा जरा फुगतो. नवं व्हिनेगर घेऊन ४ ग्रॅम टाकला की जास्त, ६ ग्रॅमला आणखी जास्त. मुलाला वाटतं, हे असंच चालत राहणार. म्हणून ते ८, १०, १२ ग्रॅम टाकून बघतं आणि फुगा हटून बसतो. साधारण ७ ग्रॅमपर्यंत वाढ होते, त्यापुढे कितीही सोडा घातला तरी वायू दोनेक लिटरच्या वर जात नाही. कारण व्हिनेगरमधलं आम्ल संपलेलं असतं; जादा सोडा पाण्यात नुसता विरघळून बसतो. आणि हे कळण्याआधी मुलाला आणखी एक कोडं सोडवावं लागतं: फुगा किती फुगला हे मोजायचं कसं? दोऱ्याने घेर मोजता येतो, पण घेर दुप्पट झाला की आतला वायू दुप्पट होत नाही, आठपट होतो. सातवी-आठवीच्या मुलाने हे स्वतःच्या हातांनी अनुभवलं, की घनफळाचं सूत्र त्याला पुन्हा पाठ करावं लागत नाही.

एवढ्या खटाटोपातून हाती काय लागतं? एक वाक्य. ‘इतक्या व्हिनेगरला इतकाच सोडा पुरतो, पुढचा वाया जातो.’ हे वाक्य रसायनशास्त्राच्या पुस्तकात वेगळ्या शब्दांत आहेच, जगाच्या ज्ञानात त्याने रतीभर भर पडलेली नाही. पण या मुलाच्या बाबतीत ते कुणी सांगितलेलं नाही, त्याने ते कमावलं आहे, आणि कुणी खोडून काढायला आलं तर ते मूल पुन्हा फुगा लावून दाखवू शकतं. शाळेच्या सगळ्या वर्षांत मुलं हजारो खरी वाक्यं ऐकतात, लिहितात, परीक्षेत उतरवतात. त्यांतलं स्वतः कमावलेलं एकही नसावं, ही मला शिक्षणातली फार मोठी उणीव वाटते. विज्ञान प्रकल्पाचं मोल मी तरी याच एका मापाने मोजतो.

प्रदर्शनं भरवणाऱ्यांची मापं वेगळी असतात. या मेळ्यांचा इतिहास तसा शंभरेक वर्षांचाच. १९२८ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन इन्स्टिट्यूट या संस्थेने मुलांच्या विज्ञानकामाचा मेळा भरवला. १९४२ मध्ये अमेरिकेतल्याच सायन्स सर्व्हिस या संस्थेने आणि वेस्टिंगहाउस कंपनीने मिळून विज्ञानात चमक असलेली शाळकरी मुलं हेरणारी स्पर्धा सुरू केली. १९५० मध्ये फिलाडेल्फियात पहिला राष्ट्रीय मेळा झाला आणि पुढे तो आंतरराष्ट्रीय बनला. हुशार मुलं हेरायची आणि देशासाठी शास्त्रज्ञ घडवायचे, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच, पण त्यात एक गोम आहे: मेळ्याचं सगळं लक्ष पुढे शास्त्रज्ञ होणाऱ्या दोन-चार मुलांवर राहतं. बाकीच्या मोठ्या घोळक्याला, ज्यातून पुढे दुकानदार, वकील, चालक, परिचारिका आणि मतदार तयार होतात, त्याला या सगळ्यातून काय मिळालं हे कुणी विचारत नाही. मला या घोळक्यातच जास्त रस आहे.

एका प्रदर्शनात दोन मुलींनी मिठाच्या पाण्यात बिया रुजत घातल्या होत्या. विषय जुनाच, प्रत्येक प्रदर्शनात कुठल्या तरी कोपऱ्यात हा असतोच. काचेच्या बशा, त्यांत ओला कागद, प्रत्येक बशीत वीस बिया, आणि मिठाचं प्रमाण बशीगणिक वाढत गेलेलं. फलक साधा, दिवे नाहीत, मोटर नाही. मी पुढे सरकणारच होतो, पण टेबलावर एक वही उघडी पडली होती आणि तिच्या पहिल्या पानावर भयंकर खाडाखोड होती. आकडे खोडलेले, त्यांवर दुसरे आकडे, तेही खोडलेले.

“हे काय झालंय?”

“सर, पहिल्या दिवशी मी चौदा मोजल्या आणि हिनं अकरा,” एक म्हणाली.

“त्याच बशीतल्या?”

“त्याच.”

“मग?”

“मग भांडलो.”

दुसरीने खुलासा केला. पहिलीच्या मते बी तडकून आत जरा पांढरं दिसलं, की ती रुजली. दुसरीचं म्हणणं, छे, मूळ चांगलं बाहेर आलं पाहिजे. चांगलं म्हणजे किती? भांडण तिथेच अडलं. शेवटी दोघींनी पट्टी आणली आणि ठरवलं, की मूळ २ मिलिमीटर बाहेर आलं तरच बी रुजली म्हणायचं. मग आधीचं सगळं खोडून नव्याने मोजणी. बियांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांतही रुजण्याची खूण म्हणून २ मिलिमीटर मुळाचा दंडक सर्रास वापरतात. मुलींना याचा पत्ताही नव्हता. भांडण मिटवण्याच्या गरजेतून त्या तिथे पोहोचल्या होत्या.

वहीच्या पुढच्या पानांवर खरी गंमत होती. दुसऱ्या दिवशीचे आकडे पाहिले तर थोडं मीठसुद्धा बियांना मारक आहे असं वाटत होतं. पाचव्या दिवशीचे पाहिले तर सौम्य मिठाच्या बशीने साध्या पाण्याच्या बशीला जवळजवळ गाठलं होतं. बिया मेलेल्या नव्हत्या, त्यांना उशीर झाला होता. मीठ पाण्याला धरून ठेवतं, बीला ते शोषून घ्यायला वेळ लागतो, म्हणून हा उशीर. मीठ फार झालं तर मात्र रुजणंच बंद. म्हणजे ‘मिठाने बिया रुजत नाहीत’ हे वाक्य मुलींना टाकून द्यावं लागलं आणि त्या जागी ‘किती मीठ आणि कितव्या दिवशी’ असं अडचणीचं, लांबट, पण खरं वाक्य आलं. फलकावर मात्र त्यांनी जुनंच ठसठशीत वाक्य ठेवलं होतं. का, तर मार्गदर्शक म्हणाले, निष्कर्ष सुटसुटीत पाहिजे.

त्यांना बक्षीस मिळालं नाही. ते गेलं सिरिंजवर चालणाऱ्या एका यंत्रहाताकडे, जो खरंच देखणा होता आणि तयार सूचनांबरहुकूम जोडलेला होता. माझे गुण मी मुलींना दिले होते, पण परीक्षक अनेक असतात आणि प्रत्येकाला एका टेबलापाशी पाच-सात मिनिटं मिळतात. तेवढ्यात यंत्रहात हलताना दिसतो; वहीतली खाडाखोड वाचायला बूड टेकावं लागतं.

‘रुजली म्हणजे नेमकं काय’ हा प्रश्न शाळकरी वाटतो खरा, पण मोठमोठे वाद याच दगडावर अडखळले आहेत. १९६३ मध्ये आजच्या टांझानियातल्या एरास्टो म्पेम्बा नावाच्या विद्यार्थ्याने शाळेत आइस्क्रीम करताना पाहिलं, की गरम दूध तसंच शीतपेटीत ठेवलं तर ते गार दुधाच्या आधी गोठतं. त्याने शिक्षकांना विचारलं आणि चेष्टा झाली. पुढे डेनिस ऑस्बोर्न हे विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ त्याच्या शाळेत व्याख्यानाला आले, तेव्हा त्याने तोच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. वर्गमित्र पुन्हा हसले. ऑस्बोर्न यांनी मात्र प्रयोगशाळेत परतल्यावर हे तपासायला लावलं आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावाने लेख छापून आला. तो वाद अजून मिटलेला नाही. गोठलं म्हणजे काय: पहिला बर्फाचा कण दिसला तेव्हा, की सगळं घट्ट झालं तेव्हा? की पाण्याचं तापमान नुसतं शून्यावर आलं तेव्हा? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत संशोधकांना असा परिणाम मानण्याजोगा पुरावा मिळाला नाही. उलट तापमापक सेंटिमीटरभर वर-खाली बसवला तरी परिणाम असल्याचा भास होऊ शकतो, असं त्यांनी दाखवलं. म्पेम्बा बरोबर होता की नव्हता, यावर पैज लावायला मी तयार नाही. पण त्याला हसणाऱ्यांपैकी कुणीही दोन भांडी घेऊन बघितलं नव्हतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता आईबापांच्या मदतीबद्दल. या विषयावर दरवर्षी नाकं मुरडली जातात. काही प्रकल्पांवर वडिलांच्या हातची सोल्डरिंग लांबून ओळखू येते. मी त्यावर एक साधा प्रश्न ठेवला आहे: हे करताना काय काय बिघडलं? ज्याने स्वतः केलंय ते मूल सुटतंच. तार तुटली, बुरशी आली, मांजरीने बशी उलटवली, पहिला आठवडा फुकट गेला. त्याला थांबवावं लागतं. ज्याचं दुसऱ्याने केलंय ते “काही नाही बिघडलं” म्हणतं आणि मागे उभ्या असलेल्या वडिलांकडे बघतं. वडील मात्र सांगू शकले असते, बिघाडाचा सगळा आनंद त्यांनीच घेतलेला असतो.

पण मदत झाली म्हणजे प्रकल्प खोटा, असंही नाही. अमेरिकेतल्या एमिली रोझाचं उदाहरण घ्या. अंगाला हात न लावता, अंगाभोवतीची ऊर्जा तळहातांनी जाणून उपचार करणाऱ्यांचा एक पंथ आहे. नऊ वर्षांच्या एमिलीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांची परीक्षा घेतली. मधे पुठ्ठ्याचा पडदा, त्याला खाली भोकं. उपचारकाने दोन्ही हात त्यांतून पलीकडे ठेवायचे. पलीकडे एमिली नाणं उडवून ठरवणार, आपला हात त्याच्या डाव्या हातावर धरायचा की उजव्या. उपचारकाने सांगायचं, ऊर्जा कुठे जाणवते. एकवीस उपचारकांनी मिळून २८० वेळा उत्तर दिलं. त्यांतली १२३ बरोबर निघाली, म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून ठोकून दिलं असतं तरी निम्मी बरोबर यायला हवीत. १९९८ मध्ये हे काम अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलं, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. लेखाच्या लेखकांत तिची आई आणि सावत्र वडीलही होते, आणि दोघं या उपचारपद्धतीचे जाहीर टीकाकार. प्रयोगावर टीका करणाऱ्यांनी त्यावर बोट ठेवलं, ते ठीकच. पण पुठ्ठा, नाणं आणि दोन हात एवढ्यावर उभा असलेला हा प्रयोग कुणालाही आपल्या घरी करून बघता येतो. त्यातला आकडा आईबापांच्या मतावर अवलंबून राहत नाही. मदत किती झाली यापेक्षा मला हे बघावंसं वाटतं, की मदत करणारे निघून गेल्यावर मूल तो प्रयोग पुन्हा उभा करू शकतं का.

याच्या उलट गोष्ट २०१४ मधली. चौदा वर्षांच्या एका अमेरिकन मुलाने प्रदर्शनासाठी काढलेलं गणित जगभर बातमी होऊन फिरलं: सरकारने छपाईचा टंक, म्हणजे फॉन्ट, बदलून गॅरामाँड घेतला तर शाई कमी लागेल आणि कोट्यवधी डॉलर वाचतील. टंकांचा अभ्यास असणाऱ्यांनी लगेच दाखवून दिलं, की त्याच मापाला गॅरामाँडची अक्षरं मुळात लहान दिसतात. शाई वाचते ती अक्षर लहान झाल्यामुळे. तेवढ्यासाठी नेहमीच्या टंकाचंच माप एक घर खाली आणलं तरी चालेल. मला यात मुलाचा दोष दिसत नाही. वर्गातल्या कागदांची उधळपट्टी बघून त्याला प्रश्न पडला, त्याने अक्षरं तोलली, मोजली. चौदाव्या वर्षी आणखी काय करायचं? त्याला ‘दोन टंकांची अक्षरं एकाच उंचीला आणून पुन्हा मोज’ असं म्हणणारा एक माणूस आधी भेटायला हवा होता. त्याऐवजी कॅमेरे भेटले.

कॅमेऱ्यांची ही हौस प्रदर्शनांतही उतरली आहे. प्रकल्प म्हणजे शोध, तोही समाजोपयोगी, तोही यंदाच. आठवीतल्या मुलाने एका सत्रात प्रदूषण, पाणीटंचाई किंवा कर्करोग यांपैकी काहीतरी सोडवून आणावं अशी अपेक्षा. मग मुलंही शहाणी होतात. तयार सुटे भाग आणतात, जोडतात, वर भारदस्त मथळा चिकटवतात. वरच्या पायरीवरच्या स्पर्धांत तर विद्यापीठाची प्रयोगशाळा कुणाला मिळाली आणि कुणाला घरातलं टेबल, यावर बरंच काही ठरतं. त्याबद्दल कुढण्यात मी फार वेळ घालवत नाही. बक्षीस ज्याला मिळायचं त्याला मिळो. पण घरातल्या टेबलावर कमावलेलं वाक्य कमी प्रतीचं, असं मुलाच्या मनात भरवू नये.

ते कमी प्रतीचं नसतं याचा पुरावा इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या ब्लॅकॉटन या गावच्या शाळेने दिला. आठ ते दहा वर्षांच्या पंचवीस मुलांनी बो लोटो या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकाच्या सोबतीने भुंग्यांवर प्रयोग केला. पेटीत रंगीत वर्तुळं, काही ठिकाणी कडेला पिवळी आणि मधे निळी, काही ठिकाणी उलट. साखरपाणी फक्त मधल्या वर्तुळांत. भुंगा नुसता रंग लक्षात ठेवतो, की कुठल्या रंगाच्या घेऱ्यात कुठला रंग आहे हेही बघतो? भुंगे रंग आणि जागा यांची सांगड घालू शकतात, असं मुलांना आढळलं. २०१० मध्ये रॉयल सोसायटीच्या ‘बायोलॉजी लेटर्स’ने तो लेख छापला. मुलांच्या भाषेत, मुलांनी रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आकृत्यांसह आणि पूर्वीच्या संशोधनाचा एकही संदर्भ न देता. शास्त्रीय नियतकालिकात हे जवळजवळ अशक्यच. मागचं वाङ्मय सांगायचं काम दोन तज्ज्ञांनी शेजारी वेगळं टिपण लिहून केलं. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते: भुंग्यांना कुठलं कोडं घालायचं हे मुलांनी ठरवलं होतं. उत्तर खोलीतल्या कुठल्याच मोठ्या माणसाकडे तयार नव्हतं. वर्गात असा प्रसंग किती वेळा येतो? तिथे प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं आणि हे मुलांनाही ठाऊक असतं.

अलीकडेच भेटलेल्या एका मुलाच्या बाबतीत मात्र उत्तर पुस्तकात छापलेलं होतं आणि त्याचं मोजमाप त्याच्याशी जुळत नव्हतं. लंबक. दोरी १ मीटर, खाली जड लोखंडी गोळा. लंबकाचा दोलनकाळ, म्हणजे एक पूर्ण झोका घ्यायला लागणारा वेळ, झोका केवढा दिला यावर अवलंबून नसतो, असं पुस्तकात वाचलेलं. त्याने १० अंशांचा झोका दिला, २० अंशांचा दिला, दहा-दहा झोके एकत्र मोजले (एकेक मोजला तर बटण दाबण्यातच चूक होते, हे त्याचं त्यालाच कळलं होतं), दर वेळी २० सेकंदांच्या आसपास आकडा आला. मग ६० अंशांचा झोका दिला आणि दहा झोक्यांना सेकंदाहून जास्त वेळ लागला. पुन्हा मोजलं, तेच. मित्राकडून मोजून घेतलं, तेच. शाळेत दाखवलं तर मोजायला चुकलास म्हणून परत पाठवलं.

तो चुकला नव्हता. दोलनकाळाचा तो नियम लहान झोक्यांपुरताच खरा आहे. १० अंशांना फरक इतका बारीक, की घड्याळाला दिसत नाही; ३० अंशांना पावणेदोन टक्के; ६० अंशांना सुमारे ७ टक्के. ‘लहान कोनासाठी’ हे दोन शब्द पुस्तकात असतात, पण पाठ करताना तेच पहिल्यांदा गळतात. मी त्याला ते शब्द दाखवले. शाबासकी मिळाल्यावर मुलं फुलतात तसा तो फुलला वगैरे काही नाही. त्याने वही पुढे ओढली. तक्त्यात ६० च्या खाली आणखी एक ओळ आखलेली होती, ९० अंश, आणि पुढचे रकाने रिकामे.

“हे का नाही मोजलं?”

“तिथून सोडलं की दोरी झटका खाते, गोळा सरळ जात नाही. हलकी काठी लावून बघणार आहे,” तो म्हणाला आणि दालनातल्या गर्दीकडे बघून वैतागला. “पण आधी हे प्रदर्शन एकदाचं संपू दे.”